कच्च्या कातड्याच्या गाद्या

यंदाच्या उन्हाळ्यात पुतण्याच्या गॅरेजात एक जुनी मोटार आली आहे. बार्शीच्या एका हौशी धान्यव्यापाऱ्याने ती कुणाच्या तरी गोठ्यातून, कडब्याखालून ओढून काढली. सीटमध्ये उंदरांची घरं, हुडाचं कापड नावालाच. पुतण्याने साखळीने इंजिन वर टांगलं आणि खालून निघालेले रबराचे तुकडे माझ्या हातावर ठेवले.

"काका, फाउंडेशन बघा की. पार चुरा झालाय."

दुपारचे दोन वाजले होते. चैत्र संपत आलेला. डोक्यावरचा पत्रा तापून मधूनच कट् कट् वाजत होता. मी ते तुकडे बोटांत चुरले आणि ते तसेच खाली सांडले. पुतण्याला वाटलं, वयाने. त्याने खुर्ची सावलीला सरकवली, माठातलं पाणी दिलं. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाच्या हातून काही सांडलं तर कारण कोणी विचारत नाही. म्हातारपणाची ही एक सोय आहे आणि मी ती पुरेपूर वापरली आहे.

ज्यांनी मोटारीखाली कधी पाठ टेकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन मोटारीच्या सांगाड्यावर नुसतं ठेवत नाहीत. लोखंडावर लोखंड ठेवलं तर दहा मैलांत माणसाचे दात खिळखिळे होतील. मधे काहीतरी असं लागतं, जे वजन पेलेल आणि हादराही गिळेल. आज त्याला फाउंडेशन म्हणतात, आम्ही गादी म्हणायचो. गादी चांगली असेल तर तिची कुणाला आठवण होत नाही. उतारूला वाटतं रस्ता चांगला, ड्रायव्हरला वाटतं इंजिन चांगलं. ती खराब झाली की मात्र इंजिन बोलायला लागतं. हे 'बोलायला लागतं' हुसेनभाईंचं. त्यांच्याबद्दलच मला लिहायचं आहे. पन्नास वर्षं लिहायचं होतं.

साल नेमकं सांगत नाही. तिसाच्या पुढची दोन-तीन वर्षं धरा. तेव्हाचा उन्हाळा मला आधी वासाने आठवतो, मग रंगाने. साळ्यांच्या गल्ल्यांतून रंगवलेलं सूत बांबूंवर वाळत घातलेलं असे. लाल, गर्द निळं, आणि त्याखालची माती ठिपक्या-ठिपक्यांची. कडुनिंबाचा मोहर गळून रस्त्याच्या कडेला पिवळसर रांगोळी पडायची. गिरणीचा भोंगा झाला की पाळी सुटायची आणि घामाचा, कापसाचा, तेलाचा मिळून एक वास रस्त्याने चालत जायचा. लग्नसराई असायची. वाजंत्री, आंब्याचे डहाळे, हळदीची बोटं लागलेल्या पत्रिका. आणि मोटारस्टँडवर डब्यांतून ओतलेल्या पेट्रोलचा वास, जो मला अजून अत्तरासारखा वाटतो. लाज वाटते, पण वाटतो.

मी चोवीस वर्षांचा होतो. आधी गिरणीत फिटर होतो. मग स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं एक शेड घेतलं आणि मोटारी दुरुस्त करू लागलो. आप्पासाहेब नावाचे एक लिंगायत गृहस्थ सोलापूर ते बार्शी सर्व्हिस मोटार चालवायचे. उघडी टूरिंग गाडी. बसायची सोय पाचांची, बसायचे नऊ, शिवाय फूटबोर्डावर एखादा, आणि मागे बांधलेली कोंबड्यांची पाटी. तिचे ड्रायव्हर हुसेनभाई.

पस्तिशीचा सडपातळ माणूस. खाकी कोट रोज घरी धुतलेला, कानात अत्तराचा बोळा. मोटार सुरू करण्याआधी ते बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर उभे राहायचे, वैद्य नाडी बघतो तसे. गाडीत पोटुशी बाई बसली की त्यांची चाल बदलायची. खड्डा आला की आत बसलेल्याला कळायच्या आधी त्यांचा पाय वर आलेला असे. "बैलाला जसं कासरा ढिला करून सांगतात ना मिस्त्री," ते म्हणायचे, "तसंच हाय. पाँव उठाना आना चाहिए. दबाना तो गधा बी दबाता." मला वयाने दहा वर्षं वडील, पण मला ते मिस्त्री म्हणायचे. मान द्यायचे. त्या काळी दोघेचौघे मला मान देऊ लागले होते आणि तो मला चढला होता.

कारण ह्या गाद्याच. मुंबईहून रबर मागवायचं तर तीन-तीन आठवडे जात. सोलापूरच्या रस्त्यांवर ते टिकतही नसे. मी गिरणीत काम केलेलं. मागावर धोटा इकडून तिकडे फेकतो तो म्हशीच्या कातड्याचा ठोकळा असतो. त्याला पिकर म्हणत. कातड्याचे थर दाबून, महिनोन्महिने वाळवून, मग तेलात मुरवलेला. दिवसभर हातोड्याचे घाव सोसणारी वस्तू. झिजले की गिरणी ते टाकून द्यायची. मी त्या जुन्या पिकरांतून इंजिनाच्या गाद्या कापल्या. रबरापेक्षा बऱ्या चालल्या. मग काय, बार्शीहून माणसं येऊ लागली. अक्कलकोटच्या एका मोटारवाल्याने तर स्टँडवर चारचौघांत सांगितलं, की मुंबईच्या कारखान्याला जे जमलं नाही ते आमच्या वसंता मिस्त्रीने गिरणीच्या भंगारातून केलं. ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं, ते सांगायला नको.

त्या चैत्रात आप्पासाहेबांच्या गाडीच्या गाद्या गेल्या. गिरणीतल्या माझ्या माणसाकडे जुना पिकर एकही शिल्लक नव्हता. पंधरा दिवस थांबा, म्हणाला. मी आप्पासाहेबांना तसं सांगितलं.

"पंधरा दिवस?" आप्पासाहेब उन्हातून आले होते, उपरण्याने मान पुसत होते. "लग्नाची तीथ तुझ्या पिकरासाठी थांबती काय रे? बामणाला सांगू का, मुहूर्त पुढं ढकल, वसंताचं कातडं वाळायचंय म्हणून?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "दोन दिवसांत देतो."

तिथे मला कोणी भरीला घातलं नव्हतं. आप्पासाहेब तोंडाने फटकळ, पण समजूतदार. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी चार शिव्या देऊन बैलगाड्या लावल्या असत्या. पण जमत नाही, हे वाक्य चारचौघांत माझ्या तोंडून निघेना.

मी कातडी कमावणाऱ्याकडून म्हशीचं कच्चं कातडं आणलं. वाळलेलं जाड कातडं कापताना हात मोडतो, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवलं. भिजल्यावर ते भाकरीच्या पिठासारखं ऐकतं. सुबक थर कापले, एकावर एक बसवले, बोल्ट आवळले. इतकं नेटकं काम मी त्याआधी केलं नव्हतं. गाडी सुरू केली तर बॉनेटवर ठेवलेलं पाणी हलेना. हुसेनभाईंनी तळहात ठेवला, डोळे मिटले. "वा," एवढंच म्हणाले.

कच्चं कातडं वाळताना आकसतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ढोल मढवणारा माणूसही ते जाणतो. सोलापूरच्या चैत्रात, इंजिनाच्या धगीला ते चार दिवसांत खडखडीत होणार, गादी पातळ होणार, बोल्ट ढिले पडणार. म्हणून मी हुसेनभाईंना सांगितलं होतं, की तिसऱ्या दिवशी गाडी आणा, आवळून देतो.

ते तिसऱ्या दिवशी आले. माझ्याकडे त्या दिवशी एका बड्या वकिलाची बंद मोटार आली होती, काचा असलेली, आत मखमल. अशी गाडी माझ्या शेडात पहिल्यांदाच येत होती. मी तिच्याखाली होतो.

"मिस्त्री, जरा बघता का? इंजन बोल रा."

"काय बोलतंय?"

"हळू बोलतंय. पर बोलतंय."

"नवीन गादी आहे हुसेनभाई, बसतेय जागेवर. उद्या या."

ते दुसऱ्या दिवशीही आले. ह्या वेळी गाडीत उतारू बसलेले होते, स्टँडवरून मुद्दाम वळसा घालून आले होते. वकीलसाहेब माझ्याशेजारी उभे होते. त्यांच्यासमोर माझ्या हातचं काम चार दिवसांत ढिलं झालं, हे दिसू द्यायचं नव्हतं. मी उठून बघायलाही गेलो नाही. पान्याने हवेत खूण केली.

"काही होत नाही. जाऊन या. आल्यावर बघू."

हुसेनभाई "तुम बोले तो बस," म्हणून निघून गेले. पुढे कितीएक वर्षं ह्या चार शब्दांनी मला जेवताना मधेच थांबवलं आहे.

वैरागच्या अलीकडे एक ओढा आहे. आता तिथे पूल झाला आहे आणि एसटी त्यावरून चाळीसच्या वेगाने जाते. तेव्हा रस्ता सरळ ओढ्यात उतरायचा आणि पलीकडे चढायचा. त्या उतारावर हुसेनभाईंनी पाय उचलला आणि मोटार हळू व्हायच्या ऐवजी पळाली. काय झालं ते मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पायाखालची रेसची पट्टी गाडीच्या सांगाड्याला, आणि तिथून निघालेला दांडा इंजिनाला जोडलेला. गादी फुटली, इंजिन एका अंगाला कललं आणि दांडा ओढला गेला. पाय वर होता तरी रेस पूर्ण उघडी. त्या गाड्यांचे ब्रेक म्हणजे मागच्या चाकांना लावलेली एक समजूत. ओढ्यातल्या दगडावर चाक चढून गाडी आडवी झाली.

जीव कुणाचा गेला नाही. मात्र नऊजणांत एक शिंपीकाका होते, बार्शीला लग्नाचे कपडे पोचवायला निघालेले. त्यांचं उजवं मनगट मोडलं, ते पुन्हा नीट वळलं नाही. निरोप मिळून आप्पासाहेब आणि मी पोचलो तेव्हा ओढ्याच्या कोरड्या वाळूत झंपर, परकर, एक जरीची टोपी असं सगळं पसरलेलं होतं आणि काका डाव्या हाताने एकेक गोळा करून झटकत होते.

फौजदार यायला तासभर होता. आप्पासाहेबांनी मला गाडीखाली घातलं. "बघ रे, काय झालं ते."

मी बघितलं. दोन्ही पुढच्या गाद्या. आकसून, उन्हात पडलेल्या चपलेसारख्या वाकड्या, मधोमध उकललेल्या. दांडा अजून ताणलेला होता. मी काय केलं ते आता लिहितो. मी दांडा हाताने मागे ढकलला. गादीचे फुटके तुकडे उपसून सदऱ्याच्या आत घातले. त्या जागी गाडीतल्या फाटक्या पोत्याची घडी कोंबली, तिच्यावर मूठभर ग्रीस फासलं. मग बाहेर आलो आणि हात पुसले.

हुसेनभाई एका दगडावर बसले होते. भुवई फुटली होती. ते आप्पासाहेबांना, मग फौजदाराला, मग जमलेल्या प्रत्येकाला एकच सांगत होते. "मैं पाँव उठाया था साब. गाडी आपीच भागी."

"आपीच?" फौजदार म्हणाला. "घोडा आहे काय? उधळला?"

गर्दीतून हसू फुटलं. मग फौजदाराने माझ्याकडे पाहिलं. मी सोलापूरचा नावाजलेला मिस्त्री होतो. "काय हो, गाडीत काही दोष?"

हुसेनभाईंनी माझ्याकडे मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, ते निर्धास्त होते. मी सांगणार म्हणून.

"दोष दिसत नाही साहेब," मी म्हणालो.

त्यांचा परवाना गेला. कुणी म्हणालं झोप लागली असेल, कुणी म्हणालं प्याले असतील. सात पिढ्यांत कोणी न शिवलेली वस्तू त्यांच्या नावावर लागली. मी शेडात परतलो आणि ते तुकडे भट्टीत टाकले. कातडं जळल्याचा वास असा असतो की तो लपत नाही. शेजारचा लोहार डोकावून म्हणाला, "काय जाळताय मिस्त्री, म्हस?" मी म्हटलं, जुना पट्टा.

माणूस एका दिवशी खोटं बोलतो आणि मग आयुष्यभर गप्प राहतो. लोक पहिल्याला पाप म्हणतात. मला दुसरं मोठं वाटतं. त्या दिवशी मी घाबरलो होतो, भीतीला थोडी माफी असेल. पण नंतरच्या दर उन्हाळ्यात, निंबाचा मोहर गळायला लागला की, मला एक सकाळ अशी मिळायची जेव्हा उठून पोलीस कचेरीत जाता आलं असतं. पहिल्या वर्षी वाटलं, परवाना पुन्हा मिळेलच. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगून काय. तिसऱ्या वर्षी माझं लग्न होतं. कच्च्या कातड्याला मी पुन्हा हात लावला नाही, आणि हा जणू काही प्रायश्चित्ताचा भाग आहे, असं स्वतःला सांगत राहिलो.

हुसेनभाई सूत वाहू लागले. सूतबाजारातून साळ्यांच्या घरी हातगाडीवर गठ्ठे पोचवायचे. खाकी कोट तोच, अत्तर गेलं. स्टँडवरचे ड्रायव्हर त्यांना बघून ओरडायचे, "काय भाई, हातगाडी बी आपीच पळती का?" सुरुवातीला ते भांडायचे. एकदा एकाची गचांडी धरली. पुढे नुसते बघायचे. आणि बऱ्याच वर्षांनी, लढाईच्या सुमारास असेल, मी बाजारातल्या एका हॉटेलात शिरलो तर हुसेनभाई मधल्या टेबलापाशी उभे राहून तीच गोष्ट सांगत होते. हातात नसलेलं चाक धरून, डोळे विस्फारून, नक्कल करून. "गाडी बोली, हुसेन, तू बैठ, मैं चली." हॉटेल हसून लोटपोट. त्यांनी मला पाहिलं आणि हाक मारली, "अरे, मिस्त्री आले. एक चाय इनको."

मी तो चहा प्यालो. शेवटपर्यंत.

त्यांना ठाऊक होतं का? हा प्रश्न मी इतक्या बाजूंनी उलटून पाहिला आहे, की त्याच्या कडाच झिजून गेल्या. कधी वाटायचं, असेलच. इतका जाणता ड्रायव्हर, इंजिन बोलतंय म्हणून दोनदा आला होता. आणि कधी स्वतःची समजूत काढायचो, की त्यांनी मनातून माफ केलं असेल. दुसऱ्याच्या मोठेपणावर आपण किती सहज जगतो.

पुतण्याने त्या जुन्या गाडीला नवं रबर बसवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून विजापूर वेशीकडे गेलो. हुसेनभाई वारून दहा वर्षं झाली आहेत, हे मला माहीत होतं. तेव्हा मी मातीलाही गेलो नव्हतो. घर विचारत विचारत सापडलं. त्यांची मुलगी मेहरूनबी, साठीला आलेली, दारात तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं. तिने चटकन पदर सावरला, खाट पुढे केली. "अब्बा तुमचं नाव लई घ्यायचे. म्हणायचे, सोलापुरात मिस्त्री एकच."

मी सगळं सांगितलं. बसून, तिच्या हातातल्या सुपाकडे बघत. गादी, भिजवलेलं कातडं, ते दोनदा आले होते ते, दांडा, पोत्याची घडी, फौजदार. तिची बोटं तांदळात फिरत होती. संपल्यावर मी वाट पाहत राहिलो. आयुष्यभर मी ह्या क्षणाची वाट पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर माफीची तयारी करून आलो होतो.

"अब्बांना वाटायचं, त्यांचीच चूक झाली," ती म्हणाली.

मला समजलं नाही.

"आधी नाय म्हणायचे. आमी लहान होतो तवा रोज सांगायचे, पाय उचललेला, पाय उचललेला. मग लोक इतकं हसले, इतकं हसले... शेवटी शेवटी म्हणायचे, मेहरून, मिस्त्री बोले गाडी में दोष नहीं, तो मैंच दबाया होंगा पाँव. मिस्त्री झूट काय को बोलेगा."

म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं. माफ करायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. जे स्वतःच्या पायाला पक्कं माहीत होतं तेही त्यांनी माझ्या शब्दापुढे सोडून दिलं, आणि त्या शिंपीकाकांचं मनगट आपल्या नावावर घेऊन ते गेले. मी नुसता परवाना घेतला असं इतकी वर्षं समजत होतो.

तिने आत हाक मारली. तिचा मुलगा सलीम बाहेर आला, पस्तिशीचा, डोळ्यांखाली जाग्रण. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असतो, नुकताच पाळीवरून आला होता. "ह्याला ड्रायव्हर व्हायचं होतं," मेहरूनबी म्हणाली. "अब्बांनी चाकाला हात लावू दिला नाय. म्हणाले, आपल्या खानदानाच्या पायात खोट हाय." मग माझ्याकडे वळली. "पुन्हा सांगा. ह्याच्यासमोर सांगा."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द कमी लागले. सलीम उभ्यानेच ऐकत होता, भिंतीला पाठ लावून. कानाला मागाच्या आवाजाची सवय असलेली माणसं ऐकताना ओठांकडे बघतात, तसा माझ्या ओठांकडे बघत.

"मग तुमी तवाच का नाय सांगितलं?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच कळून घ्यायचं होतं.

मी भीतीचं नाव घेऊ शकलो असतो. वय, गरिबी, फौजदार, काहीही. पण त्यासाठी एवढ्या उन्हात आलो नव्हतो.

"माझं नाव राहावं म्हणून," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग आईच्या हातातलं सूप घेऊन आत ठेवायला निघाला आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाला,

"राहिलं की."